पट्टीचा बूट

मित्रांनो, मी उजव्या पायाचा एक बूट आहे. मला बनवून अजून दोन वर्षंही झालेली नाहीत, पण धावण्याच्या बुटांना म्हातारपण लवकर येतं. माझा तळ झिजला आहे आणि मूळचा केशरी रंग आता विटकरी दिसतो. माझा जोडीदार, डावा बूट, माझ्याहून थोडा बरा आहे, कारण जोर नेहमी माझ्यावरच जास्त पडला. आम्ही दोघं नेर गावात, दीपाच्या घरी, दारामागच्या फळीवर राहतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तो कुठल्या देशात होता, हे मला सांगता येणार नाही. एवढं आठवतं की एका यंत्रानं काळ्या कार्बनच्या धाग्यांची पातळ पट्टी दाबून, तापवून, पुढच्या बाजूला किंचित वर वळवली. मग ती पट्टी मऊ फोमच्या दोन थरांमध्ये ठेवून चिकटवली. वर जाळीचं कापड चढलं, खाली डोंगरवाटेसाठी रबराचे छोटे छोटे दात बसले, आणि मी बूट झालो. पाय जमिनीवर पडला की फोम दबतो. पाय उचलताना तो फुलतो, आणि पट्टी न वाकता पावलाला पुढे लोटते. त्यामुळे लांबच्या शर्यतीत पाय उशिरा थकतात, असं माझ्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं. मला त्या अक्षरांचा फार अभिमान होता.

ते खोकं पोळ्यानंतर यवतमाळला गुंजनच्या दुकानात आलं. गुंजन खेळाचं सामान विकते. कंपनीनं तिला एक जोड वापरून पाहायला पाठवला होता. पसंत पडला तर तिनं पुढे माल मागवायचा होता. पण गुंजन स्वतः धावत नाही. तिनं आपल्या कॉलेजातल्या मैत्रिणीला, दीपाला, बोलावून घेतलं.

दीपा नेरच्या एका शाळेत खेळ शिकवते. पस्तिशी ओलांडली तरी तिचे पाय सायकलच्या साखळीसारखे न थांबता चालतात. डिसेंबरात यवतमाळच्या पलीकडच्या डोंगरांतून पन्नास किलोमीटरची शर्यत होती आणि दीपा तिची तयारी करत होती.

गुंजननं मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "दीपा, आपल्या ग्रुपमधले बरेच जण यंदा पहिल्यांदाच एवढं लांब पळणार आहेत. महागाचा बूट आहे. तू म्हणशील तर ते घेतील. म्हणून नीट पाहून सांग."

"पाहते ना," दीपा म्हणाली. तिनं मला दोन्ही हातांत धरून वाकवायचा प्रयत्न केला. मी वाकलो नाही. "बाप्पा, हा तर लाकडासारखा आहे."

दुसऱ्याच दिवशी पहाटे तिनं आम्हाला पायांत घातलं आणि नेरच्या बाहेर कालव्याच्या मुरमाच्या रस्त्यानं निघाली. रस्ता सपाट होता, मुरूम रात्रीच्या दवानं दबलेला होता. माझ्या जन्माचं सार्थक झालं ते त्या सकाळी. दीपाचं पाऊल पडायचं, मी दबायचो आणि तिला पुढे सोडायचो. बाजूच्या शेतातली कपाशी भराभर मागे जात होती. परतल्यावर दीपा धापा टाकत कालव्याच्या कठड्यावर बसली आणि तिनं मोबाइलवर बोलून संदेश पाठवला, तोही गुंजनला एकटीला नाही, सगळ्या धावणाऱ्यांच्या ग्रुपवर.

"ऐका रे, मी नवे बूट पाहून राह्यली. असं वाटते की रस्ताच मागून ढकलते. लय मस्त आहेत."

तो संदेश त्या दिवशी कितीतरी मोबाइलवर वाजला. कोणीतरी आम्हाला नाव दिलं, पट्टीचे बूट. यवतमाळच्या एका बँकेत काम करणाऱ्या सलीलनं तर संध्याकाळीच गुंजनला फोन करून आपल्या मापाचा तसाच जोड मागवायला सांगितला. सलील नुकताच चाळिशीत आला होता आणि पहिल्यांदाच डोंगरात पळणार होता.

घरी दीपाचा नवरा अतुल मला उलटंपालटं करून पाहू लागला. तो लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात यंत्रांवर काम करतो, त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की ती आतून कशी असेल हाच प्रश्न त्याला पडतो. दीपाची सासू प्रभावती दारात बसून मुगाच्या शेंगा सोलत होती. ती आयुष्यभर अंगणवाडी सेविका होती.

"दीपा," ती म्हणाली, "एक डाव चांगल्या रस्त्यानं गेली अन् चांगला म्हनून सांगून मोकळी झाली का? पोराचं वजन आम्ही दर महिन्याले घेत होतो. एका महिन्यानं काय समजते?"

दीपा हसली, पण तिला ते लागलं असावं. कारण त्यानंतर तिनं मला सुखानं राहू दिलं नाही.

पाऊस पडून गेल्यावर ती मला शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घेऊन गेली. मित्रांनो, आमच्याकडची काळी माती तुम्ही ओली पाहिली असेल तर पुढचं सांगायला नको. माझे रबराचे दात आखूड. त्यांच्यात माती बसली ती निघेना. पावला-पावलाला थर चढत गेला आणि थोड्या वेळात मी बूट कमी आणि ढेकूळ जास्त दिसू लागलो. ज्या हलकेपणाची मला ऐट होती तो धुऱ्यावरच राहिला. दीपानं काडीनं माती काढली आणि पुढे गेली. परत चढली. परत काढली.

मग एका रविवारी ती टेकडीवर गेली. सागवानाच्या वाळल्या पानांखाली सुटे दगड होते. चढताना मी ठीक होतो. उतरताना मात्र माझा एक कोपरा दगडावर टेकला. साधा बूट अशा वेळी थोडा पिळतो, दगडाला धरून घेतो. मी पिळू शकत नव्हतो. माझ्या पोटातल्या पट्टीनं मला सरळच ठेवलं आणि मी अख्खाच्या अख्खा बाजूला कलंडलो. माझा तळ उंच, त्यामुळे दीपाचा घोटाही माझ्याबरोबर गेला. तिनं सागाचं खोड धरलं म्हणून वाचली. ती तिथेच काही वेळ उभी राहिली, मग पुन्हा वर चढून त्याच दगडांवरून हळू उतरली. मी पुन्हा कलंडलो. ओल्या नाल्यात, शेवाळलेल्या दगडावरही तिनं मला उभं केलं. एकदा बाभळीचा काटा माझ्या फोममध्ये घुसला आणि पट्टीला अडून मोडला. पट्टीनं तिचा पाय वाचवला हे तिनं गुंजनला आवर्जून सांगितलं. चांगलं ते चांगलं, वाईट ते वाईट, असं तिचं चाललं होतं. पिंढऱ्यांवर ताण येतो, तेही सांगितलं.

टेकडीवरून आल्यावर तिनं ग्रुपवर दुसरा संदेश पाठवला. "मी आधी घाई केली. सपाट रस्त्यावर हे बूट चांगले आहेत. पण दगडाच्या उतारावर पलटतात. ज्यायले डोंगराची सवय नाही, त्यायनं शर्यतीत घालू नका."

हा संदेश फार कोणी पुढे पाठवला नाही. सलीलला तिनं वेगळा फोनही केला. तो नम्रपणे म्हणाला, "पाहतो मॅडम. पण मला तर काही त्रास नाही झाला." तो रोज यवतमाळच्या डांबरी रस्त्यावर पळत होता. तिथे त्याला काय त्रास होणार?

शर्यतीचा दिवस उजाडला. दीपानं मनाशी ठरवलं होतं. वाट अर्ध्याहून जास्त मुरमाची होती, तिथवर आम्ही. पुढे एका तांड्यापाशी पाण्याचं ठिकाण होतं आणि तिथून दगडांचा डोंगर सुरू होत होता. त्या तांड्यावर अतुल तिचे जुने, बसक्या तळाचे बूट घेऊन थांबणार होता.

त्या सकाळी मी जे पळालो ते पुन्हा कधी पळालो नाही. थंडी होती, धुकं होतं, आणि दीपा एकेकाला मागे टाकत होती. अमरावतीची एक मुलगी बराच वेळ आमच्या बरोबरीनं होती, मग तीही मागे पडली. तांडा आला तेव्हा बायकांमध्ये दीपा सगळ्यांत पुढे होती.

अतुल धावतच समोर आला. "पहिली आहेस तू. थांबू नोको."

दीपा खाटेच्या काठावर बसली आणि माझी नाडी सोडू लागली.

"अगं, इतके चांगले चालून राह्यले, आता काहून काढतं?"

"चांगले चालले, पण या बुटायचं काम इथंच संपलं. पुढं दगड आहे. ते बूट दे."

पाणी घेऊन उभी असलेली तांड्यातली रुपीबाई हे बघत होती. तिनं लिंबू-मिठाचं पाणी दीपाच्या तोंडाला लावलं, म्हणजे तिचे दोन्ही हात नाड्यांना मोकळे राहतील. दुसऱ्या बुटाची नाडी बांधून होण्याआधीच अमरावतीची मुलगी आमच्या समोरून निघून गेली. दीपानं मान वर केली, पाहिलं आणि गाठ पक्की केली. मग ती उठली आणि जुन्या बुटांत डोंगराकडे गेली.

मी खाटेवर उलटा पडून होतो. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? आपल्याला जिंकायचं होतं आणि आपल्यालाच काढून ठेवलं, असं मनात आलं.

बऱ्याच वेळानं सलील आला. त्याच्या पायांत माझेच भाऊ होते, अजून चकचकीत. अतुल म्हणाला, "सलीलभाऊ, दीपानं इथं बूट बदलले. तुमच्याजवळ दुसरे आहेत का?"

"आहेत ना, बॅगेत आहेत. पण भाऊ, पायच दुखत नाहीत. कायले बदलू?" सलीलनं केळ्याचा घास तोंडात टाकला आणि गेला.

नंतर डोंगरावर काय झालं ते मी पाहिलं नाही. मला एवढंच माहीत आहे की दुपारी एक जीप तांड्यावर परत आली आणि तिच्या मागच्या बाकावर सलील पाय लांब करून बसला होता. त्याचा घोटा पपईएवढा सुजला होता. रुपीबाईनं ओलं फडकं आणून त्यावर ठेवलं. तो कण्हत नव्हता, नुसता खाली बघत होता. माझ्या भावांपैकी एक त्याच्या मांडीवर होता, त्याची नाडी कात्रीनं कापलेली होती.

दीपा दुसरी आली. डोंगरात तिनं अमरावतीच्या मुलीला गाठलं होतं, पण शेवटचा पट्टा पुन्हा सपाट होता आणि तिथे ती मुलगी हलक्या पायांनी निघून गेली. तो पट्टा माझा होता. तिथे मला घेऊन कोणी उभं असतं तर, असं अतुल एकदा बोलून गेला. दीपाला आधी सलीलची बातमी विचारायची होती.

त्याचं हाड चिरलं होतं. आठवड्याभरानं दीपा आणि गुंजन त्याला भेटायला गेल्या. मी तेव्हा दीपाच्या पायांत होतो, म्हणून दाराबाहेर काढलेल्या चपलांमध्ये बसून मला सगळं ऐकू आलं.

सलीलची बायको कुंदा चहा देताना म्हणाली, "तुमचा तो पहिला मेसेज यांनी मला किती वेळा ऐकवला असेल. रस्ता मागून ढकलतो, रस्ता मागून ढकलतो."

मग दीपाचा आवाज आला. "वहिनी, तो मेसेज मी एकाच सकाळच्या पळण्यावर पाठवला होता. पाठवायला नको होता."

"दुसराही आला होता ना मॅडम," सलील म्हणाला. "फोनही केला होता तुम्ही. पण पहिला ऐकायला बरा वाटत होता."

परतताना गुंजन दीपाला नेरच्या एस.टी.साठी सोडायला निघाली. बसस्टँड जवळ आलं तेव्हा गुंजन म्हणाली, "मी माल मागवते. पण थोडा. आणि आधी गिऱ्हाइकाला विचारीन, कुठे पळणार? दगडावर म्हणाला तर दुसरं दाखवीन."

"अन् त्याले बूट घालून उभं करून पाहजो," दीपा म्हणाली. "एका पायावर. डगमगला तं विकूच नोको."

त्यानंतर माझे दिवस उतरले. दीपा काही महिने मला कालव्याच्या रस्त्यावर नेत असे. पण माझा फोम आता पूर्वीसारखा फुलत नव्हता. तिच्याच ते आधी लक्षात आलं. तिनं मला धुऊन, सावलीत वाळवून दारामागच्या फळीवर ठेवलं. नंतर तिथे धूळ बसली. एका कोळ्यानं माझ्या तोंडावर जाळं विणलं. उंदरानं टाचेजवळचं कापड कुरतडलं. एवढ्या वेगानं पळालेली वस्तू इतकी स्तब्ध बसली की तिला आपण कोण होतो तेही आठवेनासं होतं.

आणि मग एक गोष्ट घडली.

त्या वर्षी प्रभावती फारशी बाहेर पडत नव्हती. घरोघर फिरून जन्म काढलेली बाई दुपारभर खुर्चीवर बसून असायची. शेजारणी म्हणायच्या, वय झालं. अतुलही तेच म्हणायचा. एका सकाळी अंगणात गारा पडून चिखल झाला होता आणि प्रभावतीच्या चपला सापडेनात. कुंपणापाशी वाळत घातलेल्या डाळीचं काय झालं ते पाहायची तिला घाई होती. तिनं कोळिष्टक झटकलं आणि आम्हा दोघांमध्ये पाय घातले.

अंगणाच्या मध्यावर ती थांबली. परत दारापर्यंत आली. पुन्हा अंगणात गेली. डाळ तशीच राहिली.

"दीपा, इकडं ये बरं. हा बूट कायचा आहे?"

"काहून, काय झालं आई?"

"आंगठा नाही दुखून राह्यला."

"कोणता आंगठा?"

प्रभावती ओट्यावर बसली. तिनं मला काढून उजवा पाय पुढे केला. आंगठ्याचं मूळ सुजून टणक झालं होतं. दीपानं तो हळूच वर वळवून पाहिला. तो वळेना, आणि प्रभावतीनं डोळे मिटून घेतले.

"कधीपासून आहे हे?"

"मागच्या सालापासून. पाऊल उचलताना कळ निघते. चालणंच कमी केलं तं दुखतही नाही."

"मग सांगतलं काहून नाही?"

"तू तुया शर्यतीत होती. अतुलची ड्युटी. आंगठ्याचं काय सांगाचं?"

दीपा तो पाय मांडीवर घेऊन बसून राहिली. रोज सकाळी दुसऱ्यांच्या पावलांकडे बघणारी बाई ती. घरातलं हे पाऊल तिनं पाहिलं नव्हतं.

यवतमाळच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. आंगठ्याचा सांधा झिजला होता. पाऊल उचलताना आंगठा वाकतो, तिथेच कळ येते, म्हणून न वाकणाऱ्या तळाचं पायताण हवं, असं ते म्हणाले. मग त्यांनी मला हातात घेऊन वाकवून पाहिलं. मी वाकलो नाही. "असंच पाहिजे," ते म्हणाले. ज्या ताठपणानं मी दगडावर दगा दिला होता, त्याच ताठपणाचा कोणाला तरी उपयोग होता.

पण दीपानं लगेच हो म्हटलं नाही. माझा तळ उंच आहे, मी कलंडतो, हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं सासूचा कोपर धरून तिला आधी फरशीवर चालवलं, मग अंगणात, मग गल्लीत, मग उताराच्या रस्त्यावर. उतारावर मी थोडा डगमगलो तशी ती म्हणाली, "आई, इथून जायचं नाही. गावातल्या सपाट रस्त्यानंच फिराचं. अन् काठी घ्यायची."

"माझी परीक्षा घेऊन राह्यली का बुटाची?"

"दोघायची."

प्रभावतीनं माझ्या टाचेला निळ्या कापडाचं ठिगळ स्वतःच्या हातानं लावलं. त्या दिवसापासून मी रोज सकाळ-संध्याकाळ बाहेर जातो. मी आता पळत नाही. मी भाजी बाजारात थांबतो, दुसऱ्यांच्या ओट्यांपाशी थांबतो. तिनं ज्यांचं लहानपणी वजन घेतलं ती पोरं आता बाप्ये झाली आहेत, ती रस्त्यात तिला अडवून बोलतात, तेव्हाही मी थांबतो. थांबण्यात एवढं काही असतं हे मला शर्यतीत कळलं नव्हतं.

एप्रिलमध्ये भीमजयंतीची मिरवणूक निघाली. मागच्या वर्षी प्रभावतीनं ती दारातल्या खुर्चीवरून पाहिली होती. या वर्षी तिनं पांढरं पातळ नेसलं, हातात काठी घेतली, आणि विहारापासून सगळ्यांबरोबर चालू लागली. दीपा तिच्या डाव्या बाजूनं चालत होती. ढोल वाजत होते, गर्दी होती, निळे झेंडे होते. चौकात दीपानं विचारलं, "आई, बसता का जरा?"

"तू थकली असशील तं बस," प्रभावती म्हणाली, आणि पुढे चालत राहिली.

पूर्ण मिरवणूक आम्ही चाललो. घरी आल्यावर तिनं आम्हाला ओल्या फडक्यानं पुसलं, नाड्या सैल केल्या आणि सावलीत ठेवलं. मग ती ओट्यावर पाय पसरून बसली आणि दीपा तिच्या आंगठ्याला तेल लावत राहिली.

मित्रांनो, तुम्ही कधी माझ्यासारखा बूट घ्यायला गेलात तर रंग पाहा, वजनही पाहा, पण आधी आपली वाट पाहा. एका सकाळच्या सुखावरून कोणाला सल्ला देऊ नका. आम्हाला उन्हात वाळत घालू नका, नाडी न सोडता ओढून काढू नका, म्हणजे आम्ही जास्त दिवस तुमच्या कामी येऊ. आणि एक मागणं आहे. तुमच्या घरातल्या कोणी चालणं कमी केलं असेल, तर वयाला बोल लावण्याआधी एकदा खाली बसून त्यांचा पाय हातात घ्या.